मुलें कोठें वाढवावीं?
वसई व साष्टी येथील ख्रिस्ती कुटुंबांचा एक जुना प्रश्न

पवित्र कुटुंबाचें चरित्र आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. प्रभु येशू नाझरेथसारख्या नांवलौकिक नसलेल्या गांवीं, सुताराच्या घरीं, मातेच्या नजरेखालीं वाढला. बाराव्या वर्षीं सणाच्या निमित्तानें तो आईबापांबरोबर जेरुसलेम शहरीं गेला आणि तेथें त्यांच्या हातून हरवला. तीन दिवस त्या दोघांनीं त्याचा शोध केला. शेवटीं तो सांपडला तो मंदिरांत, पंडितांच्या मेळ्यांत प्रश्न विचारीत बसलेला. ज्या शहरांत मूल हरवतें त्याच शहरांत तें विद्वानांच्या मध्यें बसलेलें आढळतें. संत लूकने सांगितलेला हा प्रसंग म्हणजे आमच्या लोकांच्या गेल्या दीडशें वर्षांच्या संसाराचें जणूं चित्रच होय.

धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं देवळाचा इतिहास सांगण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु देऊळ भरतें तें घरांतून येणाऱ्या माणसांनीं. म्हणून प्रस्तुत लेखांत देवळाऐवजीं घराचा इतिहास पाहावा असें योजिलें आहे. आपल्यापैकीं प्रत्येक आईबापानें एकदां तरी एकमेकांस विचारलेला प्रश्न असा कीं, मुलें वाढवावीं कोठें? गांवांत कीं शहरांत? हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या आजापणजांनीं तो आपल्यापरी सोडविला, आणि त्यांनीं काय मिळविलें व काय गमाविलें हें जाणल्यावांचून आपण त्याचें उत्तर देऊं नये.

पुष्कळांची समजूत अशी आहे कीं, आमचे पूर्वज सदैव वाडींतच राहत होते आणि शहर ही आगगाडीबरोबर आलेली नवी आपत्ति होय. इतिहास तसें म्हणत नाहीं. १५३४ सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई पोर्तुगीजांस दिली. तेव्हांपासून सुमारें दोनशें वर्षें वसई हेंच ह्या किनाऱ्यावरील मोठें शहर होतें. तटाच्या आंत वाडे, मठ, देवळें, विद्यालयें व कचेऱ्या होत्या. मुंबई हें त्या वेळीं वसईच्या अमलाखालचें लहानसें बेट होतें. संत गोन्सालो गार्सिया ह्याच वसईंत जन्मले. पाद्र्यांच्या हाताखालीं वाढून ते पूर्वेकडील देशांत गेले, फ्रान्सिस्कन ब्रदर झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यांनीं प्राण दिला. १८६२ सालीं त्यांस संतपद मिळालें. आमच्या मातींतला पहिला संत शहरांत वाढलेला होता, हें गांवाचा अभिमान बाळगणाऱ्यांनीं विसरूं नये.

परंतु त्या शहराचें पुढें काय झालें? १६६१ च्या विवाहतहानें मुंबई इंग्रजांकडे जाण्याचें ठरलें. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला जिंकला. पोर्तुगीज सरदार व धनिक जहाजांत बसून निघून गेले. व्यापार हळूहळू मुंबईकडे वळला. वाडे ओस पडले. मठांवर वड-पिंपळ उगवले. राहिले ते किल्ल्याबाहेरचे माळी, शेतकरी व कोळी. मराठ्यांच्या अमलांत देशी पाद्र्यांच्या आधारावर त्यांनीं आपला धर्म व आपली जमीन दोन्ही राखलीं. ज्यांचें घर व्यापारावर उभें होतें ते गेले. ज्यांचें घर मातींत रोवलेलें होतें ते राहिले.

असें असलें तरी गांवाचें चित्र रंगवितांना सत्यास सोडूं नये. एकोणिसाव्या शतकांतील आमचें गांव म्हणजे नंदनवन नव्हतें. हिंवताप होता, देवी होत्या, पटकी होती. पाऊस चुकला म्हणजे सावकाराचें दार होतें, आणि एकदां त्या दाराशीं गेलेली वाडी सहसा परत येत नसे. देवळाजवळच्या मराठी शाळेच्या पुढें शिकावयाचें तर गांवांत सोय नव्हती. साष्टींतील कोंडिवट्याचें उदाहरण सर्वांनीं ध्यानांत घ्यावें. तेथें १५७९ सालीं बांधलेलें संत योहान बाप्तिस्ताचें भव्य देऊळ होतें. १८४० सालीं गांवांत सांथ आली आणि वांचलेले लोक देवळासह सर्व सोडून मरोळास जाऊन वसले. त्यांस शहराच्या मोहानें ओढलें नव्हतें. मुलें जगावीं म्हणून त्यांनीं गांव सोडलें.

मग आगगाडी आली. १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें ही गाडी सुरू झाली. १८६४ सालीं गुजराथकडील लोहमार्ग वसईवरून मुंबईपर्यंत आला. आणि १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईच्या बॅक बे स्टेशनापर्यंत रोजची एक गाडी धांवूं लागली. तोंवर मुंबई म्हणजे पडावाची व वाऱ्याची वाट होती. आतां ती कांहीं तासांवर आली. गिरण्या, गोद्या, रेल्वेचे कारखाने, साहेबांच्या कचेऱ्या ह्यांस माणसें हवीं होतीं. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉसची स्थापना १८६३ मधली, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजची १८६९ मधली. पगार आणि शाळा ह्या दोन दोरांनीं शहर आमच्या घरांस ओढूं लागलें.

ह्या ओढीस आमच्या लोकांनीं तीन निरनिराळीं उत्तरें दिलीं.

पहिलें उत्तर गोव्याच्या बंधूंचें. त्यांनीं बाप शहरांत आणि कुटुंब गांवीं अशी विभागणी केली. धोबीतलाव, माझगांव, गिरगांव ह्या भागांत गोव्यांतील एकेका गांवाच्या लोकांनीं आपली ‘कूड’ स्थापिली. थोडी मासिक वर्गणी देऊन बोटीवरचा खलाशी, आचारी, वादक किंवा नोकरीच्या शोधांत आलेला तरुण तेथें आपली पेटी ठेवी व चटई पसरी. प्रत्येक कुडींत वेदी असे. सायंकाळीं सर्वांनीं मिळून रोझरी म्हणण्याचा नियम असे. गांवच्या पालक संताचा सण मुंबईंतही पाळला जाई. ह्या संस्थांनीं हजारों तरुणांस शहराच्या व्यसनांपासून वांचविलें, ह्यांत संशय नाहीं. परंतु तेथें बायकामुलांस जागा नव्हती. गांवीं आई एकटीच बापाचीही जागा चालवी, आणि कित्येक मुलें बापास मनीऑर्डरीवरून व सुटीच्या चार दिवसांवरूनच ओळखत. पोट भरलें, घर अर्धें राहिलें.

दुसरें उत्तर, कुटुंबासह शहरांत जाण्याचें. ह्या मार्गानें मोठीं माणसें निर्माण झालीं हें नाकबूल करणें अन्यायाचें होईल. उत्तनच्या घराण्यांतील, पण १८६४ सालीं माझगांवच्या माथारपाखाडींत जन्मलेले जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा केंब्रिजपर्यंत शिकले, लोकमान्य टिळकांचे सहकारी झाले, १९१६ सालीं होमरूल लीगचे अध्यक्ष व १९२५ सालीं मुंबईचे महापौर झाले. उत्तनच्या किनाऱ्यावर त्यांना हें शिक्षण व ही संधि मिळती ना.

परंतु माथारपाखाडी हेंही शहराच्या पोटांतलें गांवच होतें. घरें, ओटे, क्रूस आणि ओळखीचे शेजारी असलेलें. चाळीच्या एका खोलींत संसार मांडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. १८९६ सालीं मांडवी भागांत प्लेग उद्भवला. तो प्रथम ओळखून जाहीर करणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे गोव्याचे कॅथॉलिक होते. शहर रिकामें होऊं लागलें. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १९०१ मध्यें ती ७,७६,००६ भरली. वांद्रें व आसपासच्या वाड्यांतील रस्त्याकडेचे कित्येक क्रूस त्याच संकटांतले आहेत. प्लेग ओसरल्यावरही कोंदट खोलीचा शाप सुटला नाहीं. १९२१ च्या सुमारास मुंबईंत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागें सहाशेंहून अधिक अर्भकमृत्यू नोंदले गेले. ह्या आंकड्यांत एक गोम आहे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गांवीं जात, त्यामुळें जन्म गांवच्या दप्तरीं आणि मृत्यु शहराच्या दप्तरीं पडे. परंतु ती गोमच सर्व कांहीं सांगून जाते. मूल जन्मास घालावयाचें तें गांवीं, हें त्या मातांस कळत होतें. त्याला घेऊन परत यावयाचें तें मात्र त्या खोलींतच.

तिसरें उत्तर आमच्या वसईचें. आमच्या लोकांनीं गाडी पकडली, पण बिऱ्हाड हलविलें नाहीं. पहांटे कंदील घेऊन माणसें स्टेशनाकडे निघत. कोणाच्या हातीं दुधाच्या किटल्या, कोणाच्या डोक्यावर भाजीच्या, केळ्यांच्या, पानांच्या, फुलांच्या टोपल्या. मालाची विक्री मुंबईंत, पण रात्रीचें जेवण घरीं. पुढें गिरणींत व कचेरींत जाणारेही हाच रिवाज पाळूं लागले. १९३६ सालीं बोरीवलीपासून विरारपर्यंत विजेची गाडी आली तेव्हां हा मार्ग अधिक सुकर झाला. मुलें वाडींत वाढलीं. रहाटाच्या मागें बैल हांकणें, पाटाचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत वळविणें, बावखलांतील गाळ काढणें, केळीचा लोंगर उतरविणें हीं त्यांचीं दुसरी शाळा होती. सायंकाळच्या घंटेला घरोघरीं रोझरी सुरू होई, आणि शेजारच्या ओटीवर मूल चुकलें तर शेजारीण त्याचा कान धरी. त्याबद्दल कोणी तिच्याशीं भांडत नसे.

ह्या उत्तराचीही किंमत कोणीतरी दिलीच. बाप पहांटे जाई तेव्हां मूल झोपलेलें असे, आणि बाप परते तेव्हां तें पुनः झोपलेलें असे. वाडीचा भार आईवर पडला. टोपली घेऊन ती स्वतःच बाजारास जाई तेव्हां घरचें चूल-पाणी थोरल्या मुलीवर पडे, आणि तिची शाळा सुटे. आमच्या गांवांच्या हिरवेपणांत अशा किती मुलींच्या सुटलेल्या इयत्ता पुरल्या आहेत ह्याची कोणत्याही दप्तरीं नोंद नाहीं. गांवाच्या गोडवे गाणाऱ्यांनीं हें ऋण मान्य केलेंच पाहिजे.

येथें एका सालाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. तें साल १९१८. त्यापूर्वीं १८९१ मध्यें पोप तेरावे लिओ यांनीं कामगारांविषयींच्या आपल्या परिपत्रकांत असें शिकविलें होतें कीं, मजुराची मजुरी कुटुंब पोसण्यास पुरावी व काटकसरीनें त्यास लहानशी मिळकत करतां यावी. इकडे सरकारनें १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला, आणि १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या सहकारी संस्थांसही वाट मोकळी झाली. १९१८ सालीं वांद्र्यास साल्सेट कॅथॉलिक सहकारी गृहसंस्था निघाली: शहरांत राहावयाचेंच आहे तर कोंदट खोलींत नव्हे, हवा-उजेड असलेल्या स्वतःच्या घरांत, देवळाच्या व शाळेच्या सान्निध्यांत राहूं, हा तिचा हेतु. आणि त्याच १९१८ सालीं वसईंत मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकारानें कॅथॉलिक सहकारी पतपेढी निघाली: गांवांत राहावयाचेंच आहे तर सावकाराचे कूळ होऊन नव्हे, आपल्या वाडीचे धनी होऊन राहूं, हा हिचा हेतु. तीच पुढें बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली.

एकाच सालीं एका समाजानें शहरासाठीं एक व गांवासाठीं एक अशीं दोन साधनें घडविलीं. त्यांनीं ‘शहर वाईट, गांव चांगलें’ असा वाद घातला नाहीं. ज्याला जेथें राहणें भाग आहे तेथें त्याचें घर कसें उभें राहील, हें त्यांनीं पाहिलें, आणि तें एकेकट्यानें नव्हे, तर मिळून. ह्या इतिहासाचें सार प्रस्तुत लेखकाच्या मतें ह्यांतच आहे. जेथें आमचे लोक मिळून गेले किंवा मिळून राहिले तेथें मुलें वांचलीं. जेथें प्रत्येक जण आपआपली पेटी उचलून निघाला तेथें शहरानेंही गिळलें आणि गांवानेंही तारलें नाहीं.

शहरांत गेलेल्यांनीं गमाविलेली एक वस्तु मात्र सहकारानेंही राखतां आली नाहीं; ती म्हणजे भाषा. १८८७ मध्यें, राणीच्या ज्युबिलीच्या वर्षीं, साष्टी व मुंबई येथील आमच्या बांधवांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण केलें. नोकऱ्यांच्या स्पर्धेंत आपली ओळख वेगळी राहावी हा त्यामागील एक हेतु होता. नोकरीची भाषा इंग्रजी, म्हणून शाळेची इंग्रजी. शाळेची म्हणून घराची, आणि शेवटीं प्रार्थनेचीही. आज मुंबईंत अशीं घरें पुष्कळ आहेत जेथें आजीच्या मराठी बोलींतलें अंगाईगीत नातवास समजत नाहीं. वसईचें तसें झालें नाहीं, कारण रात्रीचें जेवण घरीं होतें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लोकभाषेंत होऊं लागली, तेव्हां ती येथें मराठींत झाली आणि देवळांतील प्रत्येक म्हातारीस ती समजली. त्याच परिषदेनें कुटुंबास ‘घरगुती चर्च’ असें म्हटलें आहे. घरांत एकमेकांची भाषाच उरली नाहीं तर त्या चर्चची उपासना कोण चालविणार?

मुंबई वाढत वाढत साष्टीभर पसरली. गांवठाणें इमारतींच्या कोंडाळ्यांत सांपडलीं. कोंडिवट्याच्या त्या सोडलेल्या देवळाभोंवतीं १९७३ सालीं निर्यातीच्या कारखान्यांची ‘सीप्झ’ वसाहत झाली. मरोळास गेलेल्यांच्या वंशजांस आपल्या पूर्वजांच्या देवळाकडे जावयाचें तर कारखान्यांच्या कुंपणांतून जावें लागतें. गांव सोडणाऱ्यास परत यावयाची वाट नेहमींच उघडी असते असें नव्हे.

आणि मग शहर वसईस आलें. १९९० सालीं सरकारनें ह्या भागाच्या नियोजनाचें काम सिडकोकडे दिलें. इमारती उठूं लागल्या, बावखलें बुजविलीं गेलीं, कित्येक विहिरींचें पाणी मचूळ झालें. ह्या वेळीं गांवकऱ्यांनीं हरित वसईची चळवळ उभारली. तिचें नेतृत्व नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं केलें. वाडी राखणें व मराठी राखणें हीं त्यांनीं वेगळीं कामें मानलीं नाहींत. जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजीं ते प्रभूच्या घरीं गेले. दरम्यान १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिची वस्ती १२ लाखांहून अधिक भरली. म्हणजे प्लेगापूर्वींच्या सबंध मुंबईपेक्षां मोठी. सोळाव्या शतकांत जी वसई शहर होती ती पुनः शहर झाली आहे.

म्हणून ‘गांव कीं शहर’ हा प्रश्न आतां आपणांस आजोबांसारखा विचारतां येणार नाहीं. त्यांस पहांटेची गाडी पकडून रात्रीं गांवीं परततां येत होतें. आपण परतावयाचें तें शहरांतून शहरांतच. मग पूर्वजांच्या अनुभवांतून आपण काय घ्यावें? प्रथम, ज्याच्याकडे वाडीचा तुकडा उरला आहे त्यानें तो विकण्यापूर्वीं मुलांसह बसून विचार करावा. विकलेल्या जमिनीचा पैसा एका पिढींत संपतो, जमीन मात्र तीनशें वर्षें टिकल्याचें आपण पाहिलें. दुसरें, घरांत एक वेळ तरी सर्वांनीं मिळून जेवावें व मिळून प्रार्थना करावी, आणि ती आईच्या भाषेंत. तिसरें, वाडींतलें व घरांतलें काम मुलगे व मुली यांस सारखें वांटून द्यावें. आजीची सुटलेली इयत्ता नातीनें पुनः गमावूं नये. चवथें, आणि हें अत्यंत महत्त्वाचें, नव्या इमारतींत राहावयास आलेल्यांस आपण परके समजूं नये. तेही कोठलें तरी गांव मुलांसाठींच सोडून आले आहेत. त्यांची कूड, त्यांची पतपेढी, त्यांची ओटी आपला धर्मग्रामच आहे. रविवारीं देवळाच्या पायरीवर त्यांचें नांव विचारणारा कोणी भेटला तर त्यांचें अर्धें गांव त्यांस परत मिळेल.

पवित्र कुटुंबानें जेरुसलेमला दोष दिला नाहीं, आणि मूल तेथें सोडून तें नाझरेथासही परतलें नाहीं. आईबाप दोघेही मागें फिरले, दोघांनीं मिळून शोधलें, आणि मंदिरापर्यंत पोहोंचले. मग सर्व जण घरीं आले आणि मूल त्यांच्या आज्ञेंत वाढलें. आमच्या घरांतील जीं लेंकरें ह्या वाढत्या शहराच्या गर्दींत आहेत त्यांस शोधण्याची चिकाटी परमेश्वर आम्हां सर्व आईबापांस देवो, आणि पुढील महोत्सवाच्या दिवशीं त्यांचीं लेंकरें ह्याच देवळांत, ह्याच भाषेंत, त्याचें स्तवन करोत, हीच प्रार्थना. आमेन.